पावणेपाच मीटरची गाडी, साडेचार मीटरची जागा

कांदिवली स्टेशनातून पूर्वेला उतरून आकुर्ली रोडने हायवेच्या दिशेने निघाले की महिंद्राचा जुना कारखाना लागतो. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशी भागीदारी करून महिंद्राने ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकले आणि १९६५ मध्ये ‘बी-२७५’ हा ट्रॅक्टर बाजारात आला. कारखान्याच्या आसपास तेव्हा बरीचशी मोकळी जमीन होती. पुढे समतानगर वसले, ठाकूर कॉम्प्लेक्स, ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला टाऊनशिप झाली. २ एप्रिल २०२२ रोजी मेट्रो ७ चा पहिला टप्पा सुरू झाला आणि आकुर्लीला स्वतःचे मेट्रो स्थानक मिळाले. कारखान्याच्या जमिनीच्या एका तुकड्यावर आता महिंद्राच्याच बांधकाम कंपनीचे निवासी मनोरे उभे राहत आहेत. गाड्या बनवणारी जमीन आता गाड्या ठेवणाऱ्यांची झाली आहे.

विजेच्या मोटारीशी या कंपनीचे नाते जुने आहे. बंगळूरच्या चेतन मैनी यांनी २००१ मध्ये ‘रेवा’ ही विजेवर चालणारी छोटी मोटार बाजारात आणली. तिची लांबी जेमतेम २.६४ मीटर होती. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ या नावाने फिरत असे. २०१० मध्ये महिंद्राने रेवा कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला आणि मार्च २०१३ मध्ये तिची पुढची पिढी आली, ‘ई-टू-ओ’. दोन दरवाजे, चार माणसे, ३.२८ मीटर लांबी, एका चार्जमध्ये साधारण शंभर किलोमीटर. ती शहरासाठीच बनवलेली होती, आणि कंपनीही ते लपवत नव्हती.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी चेन्नईत याच कंपनीने ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या दोन गाड्यांवरचा पडदा उचलला. एक्सईव्ही ९ई ची लांबी ४.७८९ मीटर. म्हणजे अकरा-बारा वर्षांत महिंद्राची विजेची मोटार दीड मीटरने वाढली. १४ फेब्रुवारी २०२५ ला नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी या दोन गाड्यांसाठी ३०,१७९ नोंदी आल्या. त्यांची एकूण किंमत ८,४७२ कोटी रुपये असल्याचे कंपनीने जाहीर केले. त्यातल्या ७३ टक्के ग्राहकांनी सर्वांत महागडा प्रकार, म्हणजे ‘पॅक थ्री’ निवडला होता. भारतीय ग्राहक विजेच्या गाडीसाठी पैसे मोजणार नाही, ही समजूत त्या एका दिवसात मोडीत निघाली. लोकांनी गाडी घेतली, आणि मोठी घेतली.

गाडी मोठी असण्यात गैर काही नाही. पण विजेची गाडी इतकी मोठी का झाली, तो आकार कोणी ठरवला, आणि ज्या उपनगरात तिची मागणी वाढते आहे तिथे ती ठेवायची कुठे, हे प्रश्न ग्राहकाच्या खिशाशी आणि शहराच्या जागेशी थेट भिडतात.

चार मीटरची रेघ

भारतीय मोटारीचा आकार गेली वीस वर्षे एका सरकारी आकड्याने ठरवला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी म्हणजे कोणती, तर लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून प्रत्येक कंपनीचा डिझायनर चार मीटरची रेघ समोर ठेवून कागदावर पेन्सिल टेकवू लागला. टाटांनी इंडिगोची डिकी आखूड करून २००८ मध्ये ‘इंडिगो सीएस’ आणली. पुढे स्विफ्ट डिझायरचेही तेच झाले. मागून कापल्यासारख्या दिसणाऱ्या त्या सेडान गाड्या करप्रणालीचीच संतती होत्या.

महिंद्राची ‘एक्सयूव्ही ३००’ ही त्याच रेघेची कहाणी सांगते. दक्षिण कोरियातल्या सँगयाँग कंपनीची ‘टिवोली’ ही गाडी ४.२ मीटर लांबीची होती. सँगयाँग तेव्हा महिंद्राच्या ताब्यात होती. टिवोलीचाच सांगाडा घेऊन महिंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये एक्सयूव्ही ३०० आणली, पण लांबी ३.९९५ मीटरवर थांबवून. जो वीसेक सेंटिमीटरचा भाग गेला तो मुख्यतः मागून गेला. परिणामी डिकी इतकी लहान झाली की चार माणसांचे सामान मावेना.

जानेवारी २०२३ मध्ये त्याच गाडीचे विजेवरचे रूप ‘एक्सयूव्ही ४००’ या नावाने आले आणि लांबी पुन्हा ४.२ मीटर झाली. कारण साधे होते. विजेच्या मोटारींवर १ ऑगस्ट २०१९ पासून सरसकट ५ टक्के जीएसटी आहे. गाडी तीन मीटरची असो की पाच मीटरची, दर तोच. त्यामुळे चार मीटरची रेघ विजेच्या गाडीपुरती पुसली गेली. कापलेली डिकी परत जोडली गेली आणि तिथे ३७८ लिटर सामान मावू लागले. एकच सांगाडा, एकच कंपनी, आणि फक्त कराचा नियम बदलल्याने वीस सेंटिमीटरचा फरक. सरकारी धोरण गाडीच्या पत्र्यावर कसे उमटते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

टाटांनी वेगळा रस्ता धरला. २८ जानेवारी २०२० ला आलेली ‘नेक्सॉन ईव्ही’ पेट्रोलच्या नेक्सॉनवरच बेतलेली असल्याने तिची लांबी चार मीटरच्या आतच राहिली. १३.९९ लाखांपासून सुरू झालेल्या आणि पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या या गाडीने विजेच्या मोटारीला घराघरात नेले. एकेकाळी देशात विकल्या जाणाऱ्या विजेच्या मोटारींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकट्या टाटांच्या होत्या. त्या काळात ‘इलेक्ट्रिक गाडी’ म्हणजे ओळखीच्या पेट्रोल गाडीचा हिरव्या नंबरप्लेटचा अवतार, असेच चित्र होते.

पायाखालची बॅटरी

मुळापासून विजेसाठी आखलेली गाडी मात्र वेगळ्या तर्काने आकार घेते. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, पेट्रोलची टाकी नाही. त्यांच्या जागी एक चपटी, जड पेटी चाकांच्या मधल्या जागेत, प्रवाशांच्या पायाखाली बसवली जाते. जितके किलोमीटर जास्त हवे तितकी ही पेटी मोठी, आणि पेटी मोठी करायची तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर वाढवावे लागते.

आकडे शेजारी ठेवले की हे लगेच कळते. पेट्रोल-डिझेलवर धावणारी ह्युंदाईची क्रेटा ४.३३ मीटर लांब आहे आणि तिचा व्हीलबेस, म्हणजे चाकांमधले अंतर, २.६१ मीटर. बीई ६ क्रेटापेक्षा फक्त चार सेंटिमीटरने लांब आहे, पण तिचा व्हीलबेस २.७७५ मीटर म्हणजे साडेसोळा सेंटिमीटरने जास्त. चाके चारही कोपऱ्यांत ढकललेली, पुढचे नाक आखूड, मागचा भाग तुटक. एमजीची ‘विंडसर’ ४.२९५ मीटरमध्ये २.७ मीटरचा व्हीलबेस बसवते आणि मागच्या सीटवर पाय पसरून, १३५ अंशांत रेलून बसता येईल इतकी जागा काढते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली ही गाडी पाहता पाहता देशातली सर्वाधिक खपाची विजेची मोटार झाली, त्यात या मागच्या सीटचा वाटा मोठा आहे. आईवडिलांना घेऊन जायचे असले की मुंबईचा माणूस मागच्या सीटकडे आधी पाहतो.

पायाखालची पेटी गाडीला उंचही करते. गाडीची जमीन वर येते, तिच्यावर सीट येते, सीटवर माणूस. सेडानमध्ये हे केले तर गुडघे वर येतात आणि डोके छताला लागते. एसयूव्हीच्या उंच अंगात तीच पेटी खपून जाते. त्यातून आपल्याकडे उंच गाडीचे आकर्षण आधीपासूनच आहे, आणि त्यामागे नुसती ऐट नाही. स्पीडब्रेकर, खड्डे आणि पावसाळ्यात सखल रस्त्यांवर तुंबणारे पाणी पाहिलेल्या माणसाला जमिनीपासून दोनशे मिलिमीटर उंचीची गाडी सुरक्षित वाटते. बीई ६ ची ही उंची २०७ मिलिमीटर आहे.

बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांच्या रूपामागे प्रताप बोस यांचे नाव आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून शिकलेले बोस आधी टाटा मोटर्सचे डिझाइनप्रमुख होते. महिंद्रात आल्यावर इंग्लंडमध्ये बॅनबरी इथे कंपनीचा नवा स्टुडिओ उभा राहिला आणि मुंबईतला स्टुडिओ त्याच्या जोडीने काम करू लागला. तांत्रिक घडण चेन्नईजवळच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीत झाली आणि प्रत्यक्ष गाड्या चाकणला बनतात. बीई ६ च्या चालकाभोवती लढाऊ विमानाच्या कॉकपिटसारखा वेढा आहे, दरवाजा आतून ओढायला कापडी पट्टा आहे आणि समोर १२.३ इंचांचे दोन पडदे आहेत. एक्सईव्ही ९ई मध्ये तसेच तीन पडदे एका ओळीत येतात. पुढे इंजिन नसल्याने बोनेटखाली तिला १५० लिटरची दुसरी डिकी मिळाली आहे. भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले, आणि प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत एक्सईव्ही ९ई ने ३२ पैकी ३२ गुण घेतले. भारतात आखलेल्या गाड्यांनी जगाच्या बरोबरीने उभे राहावे ही इच्छा अनेक वर्षांची होती, आणि या गाड्यांनी ती बऱ्याच अंशी पूर्ण केली आहे. त्यांच्या गुणवत्तेबद्दल शंका नाही. प्रश्न त्यांच्या मापाचा आहे.

टेप घेऊन पार्किंगमध्ये

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटार उभी करण्याच्या जागेची दोन मापे आहेत. मोठी जागा २.५ मीटर रुंद आणि ५.५ मीटर लांब, लहान जागा २.३ मीटर रुंद आणि ४.५ मीटर लांब. बिल्डरने फ्लॅटबरोबर दिलेली जागा यांपैकी कोणती, हे कित्येक ग्राहकांना गाडी दारात येईपर्यंत ठाऊक नसते.

लहान जागेत एकेक गाडी उभी करून पाहावी. एक्सईव्ही ९ई ४.७८९ मीटरची, म्हणजे ती जागेबाहेर जवळपास २९ सेंटिमीटर डोकावणार. समोरच्या रांगेतल्या गाडीला वळायला जो रस्ता ठेवलेला असतो, त्यातला तेवढा तुकडा कायमचा गेला. बीई ६ लांबीला मावते, पण तिची रुंदी आरसे सोडून १.९०७ मीटर आहे. २.३ मीटरमधून ती वजा केली की उरतात ३९ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना मिळून. गाडी अगदी मधोमध उभी केली तरी एका अंगाला वीतभरही जागा नाही, आणि शेजारच्या जागेत तशीच गाडी असली तर दोघींच्या मधल्या फटीत माणूस आडवा होऊनच उतरू शकतो. स्टिल्टखाली खांब असेल त्या बाजूने तर दार उघडणेच नाही.

आता उलट टोक. एप्रिल २०२३ मध्ये आलेली एमजीची ‘कॉमेट’ २.९७४ मीटर लांब आणि १.५०५ मीटर रुंद आहे. त्याच लहान जागेत ती उभी केली की लांबीला दीड मीटर शिल्लक राहतो आणि रुंदीला जवळपास ८० सेंटिमीटर. तीत एक खोट मात्र आहे. दरवाजे दोनच असल्याने ते लांबलचक आहेत, मागे बसायचे तर पुढची सीट दुमडून वाकत आत शिरावे लागते, आणि मागे माणसे बसली तर सामानाला जागा अशी उरत नाही. या दोन टोकांच्या मध्ये टाटांची ‘पंच ईव्ही’ आहे. ३.८५७ मीटर लांब, १.७४२ मीटर रुंद, चार दरवाजे. लहान जागेत तिच्या दोन्ही बाजूंना मिळून ५५ सेंटिमीटर उरतात. कांदिवलीच्या महावीरनगरमधल्या ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबासाठी बीई ६ च्या तुलनेतला हा १६ सेंटिमीटरचा फरक रोजच्या कटकटीचा किंवा सुटकेचा असतो.

कांदिवलीतल्याच चारकोपमध्ये गणित आणखी अवघड आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून राबवलेल्या प्रकल्पात म्हाडाने तिथे छोटे भूखंड आखून दिले. चौकाभोवती घरे, मध्ये सामायिक मोकळी जागा, आत जायला अरुंद गल्ल्या. ज्यांच्यासाठी ती वसाहत आखली त्यांच्याकडे मोटार येईल हे नियोजकांच्या हिशेबातच नव्हते. आज त्याच घरांतली पुढची पिढी नोकरीला लागली आहे, गाडी घेते आहे, आणि ती रस्त्याकडेला उभी करते आहे.

नव्या टॉवरमध्ये यांत्रिक पार्किंग असते. तिथे गाडी लोखंडी तबकावर चढवून वर उचलली जाते. त्या तबकाला लांबी, रुंदी, उंची आणि वजन यांच्या ठरावीक मर्यादा असतात. जुन्या यंत्रणा पेट्रोल सेडानचा अंदाज घेऊन बसवलेल्या आहेत. मोठ्या बॅटरीची एसयूव्ही दोन टनांच्या घरात जाते. गाडी आरक्षित करण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन तबकाची वजनमर्यादा विचारून घेणे, हे शोरूममधल्या टेस्ट ड्राइव्हइतकेच गरजेचे आहे.

चार्जिंगचेही असेच. कॉमेटच्या १७.३ युनिटच्या बॅटरीला साध्या ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर सातेक तास लागतात. रात्री लावली की सकाळी तयार. एक्सईव्ही ९ई ची मोठी बॅटरी ७९ युनिटची आहे. ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर ती रिकामी ते पूर्ण भरायला बारा तासांच्या आसपास लागतात. एका इमारतीत दहा गाड्या एकाच रात्री ३.३ किलोवॉटने चार्ज झाल्या तर ३३ किलोवॉटचा भार येतो, ७.२ ने झाल्या तर ७२ किलोवॉटचा. जुन्या इमारतीचे वायरिंग आणि मंजूर भार यांचा विचार केला तर हा फरक क्षुल्लक नाही. कांदिवलीत वीज अदानी इलेक्ट्रिसिटीची असते, काही ठिकाणी टाटा पॉवरची. जागेपाशी वेगळा मीटर घेता येतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीही घरमालकाचा हा हक्क मान्य केला आहे. तरीही केबल कुठून न्यायची आणि खर्च कोणी करायचा यावरून अनेक सोसायट्यांच्या सभा रंगतात. लहान बॅटरीच्या गाडीने हे वाद पुष्कळ हलके होतात.

कोकणचा रस्ता

मग माणसे मोठी बॅटरी का घेतात? या प्रश्नाचे उत्तर कांदिवलीत शोधायचे तर गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात शोधावे. गाडी घेताना घरात पहिला प्रश्न येतो तो ‘गावाला जाईल का?’ हा. कांदिवलीहून कुडाळ साडेचारशे-पाचशे किलोमीटर. रस्त्यात वाहनांच्या रांगा, चार्जिंग स्टेशनवर आधीच उभ्या असलेल्या गाड्या, बरोबर लहान मुले आणि म्हातारी माणसे. बीई ६ च्या ७९ युनिटच्या बॅटरीवर कागदोपत्री ६८२ किलोमीटर आहेत आणि प्रत्यक्षात पाचशेपर्यंत जाता येते असे कंपनी सांगते. वाटेत न थांबता गाव गाठता येईल, हा दिलासा त्या आकड्यात आहे. ज्या घरात एकच गाडी परवडते, त्या घराने तीच गाडी ऑफिसला, लग्नाला आणि गावाला चालेल अशी निवडणे हा शहाणपणाच आहे. त्याला हौस म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

पण रोजचे अंतर काय? कांदिवली ते चर्चगेट तीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन साठ. बहुतेकांचे काम अंधेरी, गोरेगाव, मालाड किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात असते, म्हणजे त्याहून कमीच. कॉमेटचे कागदोपत्री अंतर २३० किलोमीटर आहे. प्रत्यक्षात त्याच्या दोन-तृतीयांश धरले तरी दोन दिवस चार्जरकडे न जाता निघतात. मोठी बॅटरी घेणारा माणूस वर्षातल्या दोन-तीन प्रवासांसाठी उरलेले सगळे दिवस काही क्विंटल जादा वजन हायवेच्या गर्दीत वाहून नेतो, आणि त्या वजनाचे पैसेही आधीच मोजलेले असतात.

कोकणात जाण्याचे दुसरे मार्गही हळूहळू वाढत आहेत. २९ ऑगस्ट २०२४ ला बोरिवलीहून हिरवा झेंडा मिळालेली वांद्रे-मडगाव गाडी पश्चिम उपनगरांतल्या चाकरमान्यांना दादर किंवा ठाण्याला न जाता कोकण रेल्वेवर नेते. आठवड्यातून दोन दिवसांची ही सोय अपुरी आहे. ती रोजची झाली तर कित्येक घरांतला ‘गावाला जाईल का’ हा प्रश्न सौम्य होईल, आणि गाडीचा आकार त्या प्रश्नातून सुटेल.

लहान गाडीचे वाली

लहान विजेच्या गाडीसाठी धडपडणारी माणसे महाराष्ट्रात कमी नाहीत. पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या मोटार प्रदर्शनात ‘एव्हा’ ही गाडी आणली. लांबी २.९५ मीटर, रुंदी १.२ मीटर, पुढे चालक आणि मागे दोघांची सोय, छतावर सौर पॅनेल. बॅटरी भाड्याने घेतली तर किंमत ३.२५ लाखांपासून जाहीर झाली. मुंबईच्या पीएमव्ही इलेक्ट्रिकने नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन माणसांची ‘ईझ-ई’ दाखवली होती, ४.७९ लाखांत. अशा गाड्या कायद्याने ‘क्वाड्रिसायकल’ या वर्गात बसू शकतात. हा वर्ग २०१८ मध्ये खासगी वापरासाठी खुला झाला. त्यात वजन आणि वेग दोन्हींवर मर्यादा आहेत आणि पूर्ण मोटारीइतक्या कडक धडक-चाचण्या लागू होत नाहीत. शहराच्या आतल्या रस्त्यांवर हे चालून जाईल, पण पश्चिम द्रुतगती महामार्गावर डंपर आणि बसच्या मध्ये अशी गाडी चालवताना माणूस बिचकणारच. ग्राहकाला लहान गाडी हवी असते, पण हलकी सुरक्षा नको असते. पंच ईव्हीने भारत एनकॅपमध्ये पाच तारे मिळवून लहान आणि सुरक्षित हे एकत्र जमू शकते हे दाखवले आहे.

मोठ्या कंपन्या लहान गाडीकडे का वळत नाहीत, याचे कारण बॅटरीच्या किमतीत आहे. टियागो ही गाडी पेट्रोलवर साडेचार लाखांच्या आसपास सुरू होते आणि विजेवर आठ लाखांच्या आसपास. वीस लाखांच्या गाडीत बॅटरीचा खर्च जिरून जातो, आठ लाखांच्या गाडीत तो उघडा पडतो. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या टियागो ईव्हीची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी दहा हजार नोंदी झाल्या होत्या. मागणी नव्हती असे नाही. एमजीने सप्टेंबर २०२४ पासून बॅटरी भाड्याने देण्याची योजना काढली आणि कॉमेटची सुरुवातीची किंमत ४.९९ लाखांवर आली, वर दर किलोमीटरला अडीच रुपये. महिंद्राने मात्र ई-टू-ओ बंद केल्यावर त्या मापाची मोटार पुन्हा बाजारात आणलेली नाही. २०२० मध्ये ‘ई-केयूव्ही १००’ सव्वाआठ लाखांना जाहीर झाली खरी, पण ती रुजली नाही. भारतात छोट्या विजेच्या मोटारीचा सर्वांत जुना अनुभव ज्या कंपनीच्या गाठीशी आहे, तिने तो असा बाजूला ठेवावा, ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे.

सवलतीचे माप

यात सरकारचा हात आहे, आणि तो दोन ठिकाणी दिसतो.

पहिले ठिकाण जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के कर आला. विजेच्या गाड्यांवर ५ टक्के कायम राहिले. याचा अर्थ असा की मोठ्या गाडीच्या ग्राहकाने पेट्रोल सोडून वीज निवडली तर त्याला ३५ टक्क्यांचा फायदा, आणि लहान गाडीच्या ग्राहकाने तेच केले तर १३ टक्क्यांचा. आधीच बॅटरीमुळे महागलेल्या लहान विजेच्या गाडीला नव्या रचनेत स्वस्त झालेल्या पेट्रोल हॅचबॅकशी झुंजावे लागते. मोठ्या गाडीला अशी झुंज नाही.

दुसरे ठिकाण राज्याचा वाहनकर. महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के कर पडतो. विजेच्या मोटारीला तो माफ आहे. या माफीचे रुपयांत रूपांतर केले तर आठ लाखांच्या गाडीला साधारण ८८ हजारांची सवलत मिळते आणि बावीस लाखांच्या गाडीला पावणेतीन लाखांहून जास्त. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता, पण त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या ईव्ही धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावरचा टोलही माफ केला. धूर न सोडणाऱ्या गाडीला प्रोत्साहन द्यायलाच हवे. परंतु ही सवलत गाडी किती जागा आणि किती बॅटरी खाते हे पाहतच नाही, आणि सर्वांत मोठा वाटा सर्वांत मोठ्या गाडीला देते.

इतर शहरांनी हा विचार सुरू केला आहे. पॅरिसने फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरिकांचे मत घेतले आणि त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचा रस्त्यावरचा पार्किंग दर तिप्पट केला. पेट्रोल-डिझेल आणि हायब्रिड गाड्यांसाठी मर्यादा १.६ टनांची आहे, विजेच्या गाड्यांसाठी दोन टनांची. वीज आहे म्हणून वजन माफ झाले नाही, फक्त मर्यादा सैल झाली. जपानने तर लहान गाडीची संस्कृतीच जोपासली. तिथल्या ‘केई’ वर्गातल्या गाडीची लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटरच्या आत असावी लागते, आणि तिला कमी कर पडतो. २०२२ मध्ये आलेली निस्सानची ‘साकुरा’ याच वर्गातली. २० युनिटची बॅटरी, चार दरवाजे, १८० किलोमीटर. ती जपानमधली सर्वाधिक खपाची विजेची मोटार ठरली. जपानमध्ये १९६२ पासून मोटार घेणाऱ्याला आपल्याकडे गाडी ठेवायला जागा आहे हे दाखवावे लागते. जागा दाखवायची सक्ती आली की गाडीचे माप आपोआप विचारात येते.

महाराष्ट्रातही हा विषय निघाला आहे. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा असल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही, असे धोरण आणण्याची घोषणा केली. त्यावर बरीच चर्चा झाली, विरोधही झाला. जुन्या चाळींत आणि चारकोपसारख्या वसाहतींत राहणाऱ्यांनी गाडी घ्यायचीच नाही का, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधी सार्वजनिक वाहनतळ बांधून द्यायला हवे. पण हा नियम कोणत्याही स्वरूपात आलाच, तर त्यात आणखी एक गोष्ट बसवता येईल. प्रमाणपत्रावर जागा २.३ बाय ४.५ ची आहे की २.५ बाय ५.५ ची, हे लिहावे, आणि गाडीच्या नोंदणीच्या कागदांशी ते माप ताडून पाहावे. तीन-साडेतीन मीटरच्या गाडीला वाहनतळाचा दर निम्मा असावा आणि वाहनकराची माफी गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत न देता सर्वांना सारख्या रकमेत द्यावी. यांतले काहीही करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. बोरिवली आरटीओत ‘एमएच ४७’ ची हिरवी पाटी घेण्यासाठी आलेल्या माणसाला एक रकाना जास्त भरावा लागेल, आणि तो भरण्याआधी त्याने घरून टेप लावून जागा मोजून आणलेली असेल.